जॉन बेनर यांना दुकानदारी कामाला आली की नडली?

प्रश्न (दारव्हा, जि. यवतमाळ)
माझे कृषी केंद्र असून मी ग्रामपंचायतीचा सदस्यही आहे. अमेरिकी प्रतिनिधीगृहाचे माजी सभापती जॉन बेनर हे बारा भावंडांपैकी दुसरे, आणि आजोबांनी १९३८ साली ओहायोत काढलेल्या बारमध्ये ते लहानपणी फरशी पुसत असत, असे वाचले. प्रचारात अशी पार्श्वभूमी शोभून दिसते, हे मान्य. परंतु कारभारात तिचा उपयोग झाला का?

उत्तर १ (पुसद)
झाला, असे माझे मत आहे. १९७७ साली पदवी घेतल्यावर ते प्लास्टिक वेष्टनांची विक्री करणाऱ्या एका छोट्या कंपनीत लागले आणि पुढे तिचे अध्यक्ष झाले. राजकारणाचा आरंभ मात्र तुमच्यासारखाच, गावपातळीवरच्या टाउनशिपमधून झाला. १९८५ पासून राज्याचे विधिमंडळ आणि १९९१ पासून वॉशिंग्टन. तेथे प्रतिनिधीगृहाच्या स्वतःच्या बँकेतून अनेक सदस्य खात्यात शिल्लक नसतानाही धनादेश काढत होते. ते प्रकरण लावून धरणाऱ्या सात नवोदितांत बेनर होते. उधारीची वही सांभाळलेल्या घरातील माणसाला हे खुपणारच! पुढे शिक्षण समितीचे अध्यक्ष असताना विरोधी पक्षाचे एडवर्ड केनेडी यांच्याशी जुळवून घेऊन त्यांनी ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ हा कायदा मार्गी लावला. त्यामुळे तिसरी ते आठवीच्या मुलांची वाचन व गणिताची वार्षिक चाचणी राज्यांना बंधनकारक झाली.

उत्तर २ (आर्वी)
एवढे कौतुक नको. याच गृहस्थांनी १९९५ साली तंबाखू उद्योगाच्या देणगीचे धनादेश सभागृहातच सदस्यांना वाटले होते. नंतर त्यांनी खंत व्यक्त केली, तरी वहीची गोष्ट सांगताना हे पान गाळू नये.

उत्तर ३ (वरोरा)
खरी कसोटी २०११ साली सभापती झाल्यानंतर लागली. आपल्या विधानसभेच्या अध्यक्षाकडून तटस्थतेची अपेक्षा असते. तेथील सभापती मात्र बहुमतातील पक्षाचा पुढारीच असतो, त्यामुळे स्वपक्षीयांनी पाठ फिरवली की त्याचा पायाच खचतो. बेनर यांना ओबामांशी घासाघीस करून सौदा पटवायचा होता, तर पक्षातील कडव्या गटाला सौदा हाच अपराध वाटत होता. २०१३ साली त्या गटामागे फरफटत गेल्याने सरकारी कामकाज सोळा दिवस ठप्प झाले. २४ सप्टेंबर २०१५ रोजी त्यांच्याच निमंत्रणावरून पोप फ्रान्सिस यांनी संसदेपुढे भाषण केले आणि दुसऱ्याच दिवशी बेनर यांनी पद सोडत असल्याचे जाहीर केले.

प्रश्नकर्ता
आभार. गिऱ्हाईक रुसले तर दुसरे येते, पॅनेलमधला सदस्य रुसला तर ठराव अडतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीवरून आमच्याकडे हेच चालले आहे. मग जाताना ते रिकाम्या हातानेच गेले का?

उत्तर ३ (वरोरा)
नाही. वारसदाराच्या हाती न झाडलेला गोठा द्यायचा नाही, अशा अर्थाचे ते बोलले होते, आणि त्याप्रमाणे ऑक्टोबरअखेर त्यांनी दोन वर्षांचा अर्थसंकल्पी समझोता मंजूर करून घेतला. त्याच्या बाजूने स्वपक्षाचे केवळ ७९ सदस्य होते. उरलेली १८७ मते विरोधकांची होती.