विषय: ऑर्लँडोत आईबाबांच्या जेवणाचं काय करायचं?

नमस्कार मंडळी,
मार्चमध्ये आईबाबांना घेऊन ऑर्लँडोला चाललोय. दोन दिवस डिझ्नीच्या थीम पार्कांत, एक दिवस युनिव्हर्सलच्या. दोघं शाकाहारी, आईला अंडंही चालत नाही. बाबांना दीडला जेवायला लागतं म्हणजे लागतंच. पिझ्झा-फ्राइजवरच दिवस काढायचे का?
– शार्लटचा नवा सभासद

---

अरे, आम्ही सासूसासऱ्यांना दोनदा नेलंय, त्यामुळे ठासून सांगते: डिझ्नीत सरळ घरचा डबा न्या. काचेचं भांडं, दारू आणि सुटा बर्फ चालत नाही, बाकी फारशी आडकाठी नाही. दशम्या, बटाट्याची सुकी भाजी, चटणी, सगळं आत जातं. आमच्या वेळी पिशवीतलं मेतकूट बघून तपासणीवाला मात्र थबकला. पिवळी पूड! सासूबाईंनी चिमूटभर जिभेवर ठेवून दाखवली, तेव्हा सुटलो. पाण्याच्या बाटल्यांवर पैसे घालवू नका. काउंटरवाल्या खानावळीत मागितलं की बर्फाच्या पाण्याचा पेला फुकट देतात.

मात्र एक जेवण बाहेरचं कराच, ते म्हणजे अ‍ॅनिमल किंगडम लॉजमधलं 'साना' रेस्टॉरंट. ते डिझ्नीच्या हॉटेलात आहे, त्यामुळे पार्कचं तिकीट लागत नाही. तिथली 'ब्रेड सर्व्हिस' घ्या: 5 प्रकारचे नान-कुलचे-पराठे आणि 9 तोंडीलावणी. त्यात चिंचेची चटणी, कोथिंबिरीची चटणी, लसणाचं लोणचं, रायतं. घरच्यासारखं नाही, पण सासऱ्यांनी लोणच्याची वाटी दोनदा पुसून खाल्ली. खिडकीबाहेर जिराफ आणि झेब्रे चरत असतात, म्हणून उजेडीच जा, अंधारात काय दिसणार? टेबलाचं बुकिंग 60 दिवस आधी उघडतं. कुठल्या नानमध्ये अंडं आहे, ते बुकिंगलाच विचारून ठेवा.

डिझ्नीच्याच एपकॉट पार्कला जाल तर तिथे 11 देशांचे विभाग आहेत, आपला नाही. याचा राग मला दर वेळी नव्याने येतो. अ‍ॅनिमल किंगडम पार्कमध्ये 'सातुली कँटीन'ला भातावर टोफू घालून वाडगा मिळतो, तो बरा. अननसाचं डोल व्हिप, म्हणजे आइस्क्रीमसारखा मऊ गारेगार पदार्थ, दुधाशिवाय असतं. उपासाला चालतं का, ते आईंना ठरवू दे.
– खजिनदारकाकू

---

काकूंच्या डिझ्नीप्रेमाला नमस्कार, पण युनिव्हर्सलचं मी सांगतो. तिथे डबा घेऊन सहलीला आल्यासारखं बसता येत नाही. पाणी, थोडा सुका खाऊ आणि पथ्याचं खाणं आत नेऊ देतात. तेव्हा चिवडा-लाडू पिशवीत ठेवा आणि दीडला सरळ बाहेर सिटीवॉकला, म्हणजे दुकानं-रेस्टॉरंटांच्या भागात या. दारालाच लागून आहे, जेवून परत आत जाता येतं. हॅरी पॉटरच्या भागात बटरबिअर मिळते, गार, गरम आणि बर्फाळ. दारूचा थेंबही नसतो, बटरस्कॉचसारखी गोड लागते. आमच्या आईने नाव ऐकूनच हात मागे घेतला, मग नातवाची अर्धी संपवली.

आणखी एक. बीन्स दिसले की शाकाहारी समजू नका. एका पार्कात मी अर्धा बरिटो खाल्ल्यावर कळलं की त्यात डुकराची चरबी होती. 'मांस आहे का' असं विचारलं की 'नाही' म्हणतात. चरबीचं वेगळं विचारावं लागतं.
– ग्रीन्सबरोचे काका

---

काकू, काका, आभार! सानाचं साडेतीनचं टेबल मिळालं. बाबा म्हणतात, दीडला डबा खाऊ आणि साडेतीनला जिराफ बघत नान. आई विचारतेय, दशम्या दुधात भिजवल्या तर दुसऱ्या दिवशीपर्यंत टिकतील ना?