सी ड्राइव्ह भरलाय, लग्नसराई तोंडावर. काय काय उडवू?

खानापूरचा_झेरॉक्सवाला
नमस्कार मंडळी. खानापुरात झेरॉक्स-डीटीपीचं दुकान आहे. कॉम्प्युटरला २५६ जीबीची एसएसडी (विंडोजला २३८ दिसते, पहिल्यांदा दुकानदारानं फसवलं असंच वाटलं होतं) आणि जोडीला १ टीबीची जुनी हार्ड डिस्क. काल नवरीचा मामा समोर बसलेला, ५०० पत्रिकांची ऑर्डर, आणि फोटोशॉप म्हणतंय स्क्रॅच डिस्क (काम चालताना त्याला लागणारी तात्पुरती जागा) फुल. बघतोय तर सी ड्राइव्ह तांबडा, शिल्लक १.४ जीबी.

गाणी, पिक्चर एक नाही. रिसायकल बिन रिकामी केली, टेम्प फोल्डरमधल्या तात्पुरत्या फाइली उडवल्या, दोन दिवसांत परत तेच. पोरगा म्हणतो फॉरमॅट मारा. श्रीलिपी, नुडी (मराठी-कन्नड टायपिंगचे प्रोग्राम), प्रिंटरचे ड्रायव्हर परत घालण्यात माझा आठवडा जाणार. मराठी-कन्नड मिळून फाँट पाचशेच्या वर आहेत, ते कमी केले तर?

निपाणीकर
फाँट राहू देत की! सगळे मिळून एक जीबीसुद्धा व्हायचे नाहीत, आणि उद्या कोण कन्नड बोर्ड घेऊन आला की डोक्याला हात. अंदाजानं उडवत बसू नका. विनडरस्टॅट घाला, फुकट आहे. कुठल्या फाइलनं किती जागा खाल्ली ते रंगीत चौकोनांत दिसतं. विझट्री जास्त वेगानं चालतं, पण दुकानासाठी त्याचा परवाना घ्यावा लागतो.

शहापूरचा_कुंदा
हायबरनेट (चालू काम डिस्कवर साठवून कॉम्प्युटर बंद करायची सोय) वापरत नसाल तर बंद करा. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून पॉवरसीएफजी /एच ऑफ (अर्थात इंग्रजी अक्षरांत). रॅम १६ जीबी असेल तर साधारण साडेसहा जीबी तिथल्या तिथे सुटतात. फास्ट स्टार्टअप जातं, कॉम्प्युटर चालू व्हायला जरा वेळ लागेल, तेवढंच.

टिळकवाडी_तात्या
विंडोज फोल्डरच्या आत हात घालू नका. मी एकदा शहाणपणा करून त्यातलं इन्स्टॉलर फोल्डर उडवलं होतं. ८ जीबी मिळाले म्हणून खूश! पुढच्या महिन्यात एक प्रोग्राम ना अपडेट होईना, ना निघेना. शेवटी फॉरमॅटच मारावं लागलं. विंडोजचा कचरा सेटिंग्जमधल्या टेम्पररी फाइल्समधूनच काढा. फक्त तिथल्या यादीत 'डाउनलोड्स' पण असतं, त्याच्यावर टिक करू नका.

खानापूरचा_झेरॉक्सवाला
विनडरस्टॅट चालवलं. डेस्कटॉपवरचं 'पत्रिका' फोल्डर एकटंच ९६ जीबी! उघडलं तर कोरलमध्ये (पत्रिका डिझाइन करायचा प्रोग्राम) केलेल्या प्रत्येक फाइलीला एक जुळा भाऊ, नावाच्या पुढं 'बॅकअप ऑफ'. डाउनलोड्स ४१ जीबी. आणि टेम्पमध्ये 'फोटोशॉप टेम्प' नावाची एकच फाइल १९ जीबीची. ती मी उडवली होती की!

निपाणीकर
फोटोशॉप उघडं असताना उडवली असणार. तेव्हा ती जात नाही, स्किप विचारतं आणि आपण हो म्हणतो. बंद करून उडवा. काम चालू असताना करंट गेला की ही फाइल मागं राहते. तुमच्याकडं यूपीएसची बॅटरी कशी आहे ते पण बघा. मग प्रेफरन्सेसमध्ये स्क्रॅच डिस्कला डी ड्राइव्हवर पण टिक करा, सी भरला तर काम अडणार नाही.

कोरल प्रत्येक सेव्हला आधीची प्रत ठेवतं. चालू ऑर्डरींच्या ठेवा, त्यांनी माझी दोनदा अब्रू वाचवलीय. छापून गेलेल्या पत्रिकांच्या मात्र खुशाल काढा. फोल्डरमध्ये 'बॅकअप ऑफ' शोधलं की सगळ्या एकदम येतात, मग तारखेप्रमाणं लावून घ्या. ऑप्शन्समध्ये ही सवय बंद करता येते, पण मी करणार नाही.

टिळकवाडी_तात्या
डाउनलोड्समध्ये गिऱ्हाइकांचे आधार असतील बघा. प्रिंट काढून झाली की लगेच काढत जा, जागेसाठी नाही म्हणत मी.

खानापूरचा_झेरॉक्सवाला
आहेत तात्या. एकाच माणसाचं आधार सात वेळा, पुढं कंसात एक, दोन, तीन... उतारे, मार्कलिस्ट, सगळं. बसून काढतोय.

बाकी झालं. जुन्या बॅकअपचे ४३ जीबी गेले, फोटोशॉपचे १९, हायबरनेटचे सहा-साडेसहा. आता ७० जीबी मोकळी दाखवतंय आणि पत्रिका छापायला गेल्या. छापून गेलेल्या वर्षांची फोल्डरं डी वर हलवतोय.

शहापूरचा_कुंदा
डी म्हणजे ती जुनी हार्ड डिस्क ना? तिची दुसरी कॉपी आहे?

खानापूरचा_झेरॉक्सवाला
नाही. हलवायचं थांबवलं. उद्या बेळगावला येतोय, एक्स्टर्नल घेतो.