शब्दचर्चा : खाणीत मूळचं रान परत आणणं, याला काय म्हणावं?

प्रश्न : पोर्तुगालमध्ये सेतूबालजवळ आराबिदाच्या डोंगरात सिमेंट कारखान्याची चुनखडीची खाण आहे. खणून झालेल्या पायऱ्यांवर १९८०च्या दशकापासून लागवड चालू आहे. त्यावर लेख लिहितोय. या कामाला 'वनीकरण' म्हणू का 'पुनर्वसन'?

प्रतिसाद : 'वनीकरण' अजिबात नको. तो शब्द वाचला की आपल्या डोळ्यांसमोर ग्लिरिसिडिया या एकाच परदेशी झाडाने भरलेल्या टेकड्या येतात. आराबिदाचं रान मुख्यतः झुडपी, दाट, बारमाही हिरवं. रानऑलिव्ह, कॅरोब, काटेरी पानांचा खुरटा ओक. आणि पिस्टाशिया लेंटिस्कस : पान चुरगाळलं की राळेचा वास येतो. ग्रीसच्या कीऑस बेटावर याच जातीच्या झाडांचा डिंक काढतात, तीच आपल्या काष्ठौषधीच्या दुकानातली रुमी मस्तकी.

त्या खाणीत आलेप्पो पाइनही लावला होता. तो झपाट्याने वाढला, उतार हिरवे झाले. पुढे अभ्यासकांनी पाइन विरळ केला, तेव्हा खालच्या झुडपांना फायदा झाला. 'वनीकरण' लिहिलंत तर वाचक विचारेल, लावलेली झाडं तोडली कशाला?

दुसरा प्रतिसाद : 'पुनर्वसन' म्हटलं की मला धरणग्रस्तच आठवतात. आपलं गाव सोडून दुसरीकडे वसवलेली माणसं. इथे झुडपं त्यांच्याच डोंगरावर परत येतायत. 'पुनर्स्थापना' बरा, पण कापलेला डोंगर काही परत येत नाही. म्हणून 'वनस्पतींची पुनर्स्थापना' असं पूर्ण लिहा.

प्रश्नकर्ता : पटलं. मग 'स्थानिक वनस्पती' म्हणू की 'प्रदेशनिष्ठ'?

प्रतिसाद : 'प्रदेशनिष्ठ' म्हणजे जगात फक्त त्याच भागात सापडणारी. कॅरोब, रानऑलिव्ह तशी नाहीत. 'स्थानिक' चालेल, पण मी 'मूळची' म्हणेन. आलेप्पो पाइन भूमध्य समुद्राकाठचाच आहे, तरी आराबिदाचा मूळचा नव्हे. हा फरक लेखात यायलाच हवा, 'भूमध्यसागरी' एवढ्यावर भागणार नाही.

आणखी एक. 'पावसाळ्यात लागवड' असं मोघम लिहू नका, आपला वाचक जून समजेल. तिथे पाऊस हिवाळ्यात. रोपं शरदात लावायची, म्हणजे कोरडा उन्हाळा यायच्या आत मुळं खोल जातात.