फतेह मैदानावर खरंच फुटबॉल व्हायचं का?

परभणीकर: आमचे आजोबा निजामाच्या पोलिसात होते. फुटबॉलचा विषय निघाला की पानाचा डबा उघडाच राहायचा. ते फतेह मैदान म्हणायचे ते हैदराबादचं लालबहादूर स्टेडियमच ना?

नांदेडचे_नाना: हेच की. १६८७ ला गोवळकोंड्याच्या वेढ्यात मोगलांची छावणी इथं होती. शास्त्रीजींचं नाव १९६७ ला दिलं. पण तुमच्या आजोबांचा रुबाब हैदराबाद सिटी पोलीसच्या फुटबॉल टीममुळं! १९५० ते ५४, सलग पाच वर्षं रोव्हर्स कप ही फुटबॉल स्पर्धा जिंकली, तीही मुंबईत कूपरेज मैदानावर जाऊन. कोच सय्यद अब्दुल रहीम, मूळचे मास्तर. १९६२ ला जकार्तात एशियाडचं सोनं भारताच्या टीमनं त्यांच्याच कोचिंगखाली आणलं. तेव्हा त्यांना कॅन्सर होता.

जालन्याचा_गोलकीपर: अन् आपल्याकडं पोरं अजून क्रिकेटच्या पिचवरच फुटबॉल खेळतेत.