रात्रीच्या स्वयंपाकाचा आठवड्याचा तक्ता बुधवारपर्यंतच का टिकतो?

डोंबिवलीकर
नमस्कार. आम्ही दोघेही मुंबईत नोकरी करतो. सहाला कार्यालयातून निघाले तरी लोकल, रिक्षाची रांग आणि वाटेतली भाजीखरेदी धरून घरात पाऊल टाकेपर्यंत पावणेआठ होतात. सासूबाईंना मधुमेह असल्यामुळे त्यांचे जेवण साडेआठपर्यंत व्हावे लागते, नववीतली मुलगी आठला क्लासहून येते आणि सहा वर्षांचा मुलगा नऊला पेंगू लागतो. स्वयंपाकाचा मला कंटाळा नाही. परंतु ओट्यापाशी उभे राहून ‘आज काय करायचे’ हे ठरवण्यातच पंधरा मिनिटे जातात. दोन वेळा रविवारी बसून पाच दिवसांचा तक्ता केला आणि फ्रिजवर लावला. दोन्ही वेळा तो बुधवारपर्यंत मोडला, कारण एके रात्री मटकी भिजवायची राहिली आणि पुढचे सगळेच पदार्थ एकेक दिवस पुढे ढकलले गेले. गेल्या गुरुवारी मेथीची अख्खी जुडी पिवळी पडून टाकावी लागली, त्याचे फार वाईट वाटले. ज्यांच्या घरी असे नियोजन खरोखर टिकले आहे, त्यांनी ते कसे टिकवले हे कृपया सविस्तर सांगावे.

निवृत्त शिक्षिका, सातारा
ताई, तुमच्या तक्त्यात पदार्थ ठरलेले होते, म्हणून एक चुकला की पुढचे सगळे चुकले. पदार्थाऐवजी वाराला प्रकार नेमून द्यावा. माझी नोकरी चालू असताना आमच्याकडे सोमवारी पालेभाजी, मंगळवारी उसळ, बुधवारी खिचडी-कढी, गुरुवारी पिठले-भाकरी आणि शुक्रवारी थालीपीठ किंवा धिरडी असा क्रम होता. उसळ मटकीची की मुगाची, हे डबा उघडल्यावर ठरत असे. पालेभाजी सोमवारी ठेवण्याचे कारण म्हणजे ती टिकत नाही. रविवारी आणलेली मेथी त्याच दिवशी निवडून, न धुता, कोरड्या सुती फडक्यात गुंडाळून ठेवावी. कोबी, दुधी आणि लाल भोपळा आठवड्याच्या शेवटापर्यंत सहज थांबतात. मटकी तर रोजच्या आठवणीवर सोडूच नये. रविवारी सकाळी भिजत घालावी, रात्री उपसून फडक्यात घट्ट बांधावी, सोमवारी संध्याकाळपर्यंत मोड येतात आणि मग ती डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवली की मंगळवारी हाताशी तयार असते. थंडीत मात्र मोड यायला आणखी एक दिवस लागतो, तेव्हा शनिवारीच भिजवावी.

कोथरूडचा बाबा
आमच्याकडे रात्रीचा स्वयंपाक गेली सहा वर्षे माझ्याकडे आहे. वरील क्रम मला पटला, पण आठला घरी येणाऱ्या माणसाने पाच जणांच्या भाकऱ्या थापाव्यात, हे मला पटत नाही. आठवड्यातून दोन दिवस पोळीभाजी केंद्रातून पोळ्या आणाव्यात आणि त्यात कमीपणा मानू नये.

मला सर्वांत जास्त उपयोग झाला तो तूरडाळीचा. दोन दिवसांची डाळ एकदम शिजवावी आणि अर्धी फोडणी न देताच झाकून फ्रिजमध्ये ठेवावी. पहिल्या रात्री हिंग, हळद आणि गूळ घातलेले साधे वरण होते. दुसऱ्या रात्री त्याच डाळीची चिंच-गुळाची, गोडा मसाला घातलेली आमटी होते, किंवा कणीक मळलेली असेल तर वरणफळे होतात. चव इतकी बदलते की मुले कालचेच वरण म्हणून नाक मुरडत नाहीत. कांदा-खोबऱ्याचे वाटणही मी रविवारी भाजून, वाटून बर्फाच्या साच्यात गोठवतो. चार जणांच्या उसळीला दोन वड्या पुरतात.

भाताविषयी मात्र सावध राहावे. उरलेला भात रात्रभर ओट्यावर ठेवून सकाळी फोडणीला टाकण्याची सवय अनेक घरांत आहे. परंतु अशा भातात वाढणाऱ्या काही जंतूंचे विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. भात पसरट ताटात निववून तासाभरात फ्रिजमध्ये ठेवावा.

भिजवण्याची आठवण राहावी म्हणून, रात्री ओटा पुसून झाला की मी एक रिकामे पातेले नळाखालीच ठेवतो. पाणी प्यायला आलेल्या कोणालाही ते दिसते, आणि छोले बहुधा माझी मुलगीच भिजवून टाकते.

नाशिककर
माझ्या आईलाही मधुमेह आहे, म्हणून एवढेच लिहिते. सासूबाईंची औषधाची वेळ ठरलेली असेल, तर त्यांचे जेवण सर्वांसाठी थांबवू नये. आम्ही आईसाठी वेगळा स्वयंपाक करत नाही. सकाळच्याच दोन पोळ्या आणि भाजीची एक वाटी तिच्यासाठी बाजूला काढून ठेवतो. गाडी उशिरा आली तरी ती वेळेवर जेवते आणि आमचीही घाई कमी होते.

डोंबिवलीकर
सर्वांचे मनापासून आभार. सासूबाईंची वाटी सकाळीच काढून ठेवण्याची साधी गोष्ट मला सुचली नव्हती. उद्यापासून ती सुरू करते. वारांचा क्रम मुलीने आताच लिहून घेतला आहे, आणि कुकर लावण्याचे काम ती आणि तिचे बाबा वाटून घेणार आहेत. एक शंका राहिली: आमच्याकडे उन्हाळ्यात बांधलेल्या मटकीला आंबूस वास येतो, त्याला काय करावे?

निवृत्त शिक्षिका, सातारा
बांधण्यापूर्वी मटकी दोन वेळा स्वच्छ पाण्याने धुऊन चाळणीत पूर्ण निथळू द्यावी. उकाड्यात पुरचुंडी बंद डब्यात न ठेवता चाळणीतच उघड्यावर ठेवावी आणि मोड दिसू लागताच फ्रिजमध्ये टाकावी. लांब मोडांची वाट पाहू नये.