मदत हवी आहे: हॅम्प्टन कोर्टची रात्रीची घोस्ट टूर आईला झेपेल का?

लंडनजवळच्या हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यातली रात्रीची घोस्ट टूर आईसोबत करायची आहे. राजवाडा दिवसा पाहून झालाय. १५४१ मध्ये कैद झालेल्या, राजा आठव्या हेन्रीची राणी कॅथरीन हॉवर्डच्या किंकाळ्या ज्या 'हॉन्टेड गॅलरी'त ऐकू येतात म्हणतात, तिथेच अंधारात उभं राहून आईला तिची गोष्ट ऐकायचीय. फार हौस आहे तिला! भीतीचा प्रश्न नाही, गुडघ्यांचा आहे. दिवसासुद्धा बाक दिसला की ती टेकत होती. काठी असते, व्हीलचेअर नको म्हणते. परत लंडनच्या वॉटर्लू स्टेशनला ट्रेननेच यायचंय, त्यामुळे टूर लांबली तर पंचाईत.

रात्री जाऊन आलेल्यांनी प्लीज सांगा: सलग किती वेळ उभं राहावं लागतं, अंधारात जिने किती चढावे लागतात आणि मध्ये कुठे बसू देतात का?