मदत हवी आहे: चित्रातून किडे बाहेर येतायत, अर्जंट!!

चिंगी_ठाणे (26 डिसेंबर)
कोणाला माहीत असेल तर प्लीज लवकर सांगा, डोकं फिरायची वेळ आलीये. सावित्रीबाईंचं चित्र केलंय, 3 जानेवारीला मुलीच्या शाळेत लावायचंय आणि आज सकाळी बघते तर खाली टेबलावर पीठ पडलंय आणि तीन-चार तपकिरी किडे खिडकीच्या काचेवर चढतायत. वरून फेविकॉलचा हात मारला होता तरी! वार्निश मारलं तर थांबतील का? कुठलं मारू?

कट्ट्यावरचा_अण्णा
वाळवी असणार. फ्रेम कुठून घेतली?

चिंगी_ठाणे
वाळवी नाही हो, डाळींचं आहे, लिहिलंय ना.

कट्ट्यावरचा_अण्णा
कुठे लिहिलंय? परत वाचा.

चिंगी_ठाणे
सॉरी. चेहरा तूरडाळ, केस काळे तीळ, लुगड्याचे काठ अख्खा मसूर, कुंकवाला गुंजा आणि मागचं सगळं हिरवे मूग. प्लायवर.

सुगरण_माई
आधी बोरिक पावडर लावायची ना गं. नाहीतर एरंडेल चोळायचं, आमची मटकी वर्षभर राहते.

चिंगी_ठाणे
माई सगळं चिकटवून झालंय, आता एरंडेल कुठे चोळू, कपाळाला?

बियाणेवाला
मूग सालासकट अख्खे ना? त्यावर खसखशीएवढे पांढरे ठिपके दिसतायत का बघा. ती भुंगेऱ्याची अंडी. अळी दाण्यात शिरते, आतलं खाते आणि भुंगेरा झाला की गोल भोक पाडून बाहेर येतो. म्हणजे दुकानातून आणले तेव्हाच लागलेले होते. वार्निशचा उपयोग शून्य, आतले ते फोडून येतील.

चिंगी_ठाणे
आहेत ठिपके 😭 मला वाटलं फेविकॉल सुकलाय.

रोखठोक
एवढं काय त्यात, सेल्फॉसची (धान्यातली कीड मारायची) एक गोळी चित्रासोबत पिशवीत बांधून ठेवा, गोदामात हेच करतात.

बियाणेवाला
अजिबात नाही!! त्यातून फॉस्फिन वायू सुटतो, घरात धान्याला ठेवून माणसं गेलीत. संपादकांनी ही कमेंट उडवावी.

रोखठोक
आमच्या गावी सर्रास वापरतात, काही होत नाही. शहरी लोकांचं उगाच.

नाना_पेठकर
लोकांना डाळ परवडत नाही आणि इथे प्लायला चिकटवतायत. अन्न आहे ते.

रेघोट्या
नाना, चंदीगडचं रॉक गार्डन बघा, नेकचंदनी फुटक्या बांगड्या, कपबश्यांचे तुकडे असल्या भंगारातून उभं केलं, 1976 ला खुलं झालं. तिथे किडे लागत नाहीत. आणि निलंग्याला 2019 च्या शिवजयंतीला शेतात बी पेरून महाराजांचं चित्र केलं होतं, तेही अन्नाचा अपमान का?
अवांतर: मी कॉफीने चित्रं काढतो, दाट कॉफीला बुरशी येते, आधी नीट वाळवावं.

चिंगी_ठाणे
कॉफी कोणी विचारली?? मुगाचं सांगा.

बियाणेवाला
साइज?

चिंगी_ठाणे
दीड बाय दोन फूट.

बियाणेवाला
मग घरच्या फ्रीझरमध्ये नाही जाणार. आइस्क्रीमवाल्यांचा आडवा डीप फ्रीझर असतो ना, उणे 18 ला, त्यात ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत घालून टेपने पक्कं बंद करून, कमीत कमी चार दिवस. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, नाहीतर गार चित्रावर पाणी सुटून फेविकॉल मऊ पडेल. एक दिवस तशीच राहू द्या.

दोन_मुलांची_आई
कोणी बोललं नाही म्हणून, गुंजा विषारी असतात. चावून पोटात गेली तर भारी पडेल आणि पोरं चित्र हमखास नखाने उचकटतात. शाळेत नका देऊ तशा.

चिंगी_ठाणे (1 जानेवारी)
अपडेट: सोसायटीखालच्या आइस्क्रीमवाल्या काकांनी ठेवून घेतलं, एक किडा जरी कुल्फीत सापडला तरी अख्खा ट्रे तुमच्या नावावर म्हणाले. आज सकाळी आणलं. पिशवीवर बाहेरून पाणी सुटलंय, आत कोरडं दिसतंय, उद्या उघडते. भोकं पडलेले मूग तसेच आहेत, जवळून बघितलं तर दिसतात. आतमध्ये ठेवायच्या आधीच गुंजा खरवडून लाल चवळी लावली होती, कुंकू जरा चॉकलेटी दिसतंय, पण असू दे.

सुगरण_माई
छान झालं. उरलेल्या मुगाचं काय केलंस?

चिंगी_ठाणे
अर्धा किलो आहेत की, डब्यात. मसूर-हरभऱ्याच्या शेजारी.

बियाणेवाला
डबा उघडून बघा.

चिंगी_ठाणे
अरे देवा